गाणगापूरहून विमानप्रवास : अंतर किती आणि वेळ किती?

भीमा आणि अमरजा या नद्यांच्या संगमाजवळ वसलेले देवल गाणगापूर हे क्षेत्र कलबुर्गी जिल्ह्याच्या अफजलपूर तालुक्यात आहे. श्रीनृसिंह सरस्वतींचे वास्तव्य व तेथील निर्गुण पादुका यांमुळे ते महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र व तेलंगण येथील भाविकांना शतकानुशतके परिचित आहे. पूर्वी येथे येणारा यात्रेकरू पायी अथवा बैलगाडीने येई. मुंबईकडून येणारा लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरपर्यंत आला, १८७१ मध्ये तो रायचूरपर्यंत पोचला आणि यात्रेकरू आगगाडीने येऊ लागला. आता या परिसरास विमानाचीही ओळख झाली आहे. कलबुर्गी विमानतळाचे उद्घाटन २२ नोव्हेंबर २०१९ रोजी झाले. बिदर येथे हवाई दलाच्या तळावरून फेब्रुवारी २०२० मध्ये नागरी उड्डाणास आरंभ झाला. ९ जून २०२५ रोजी सोलापूर–गोवा ही नियमित सेवा सुरू झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सोलापूर व मुंबई ही शहरे हवाई मार्गाने जोडली गेली.

विमान जवळ आले तसे त्याविषयीचे प्रश्नही गावोगाव विचारले जाऊ लागले. बंगळूरला मुलाखतीस निघालेला तरुण, मोठ्या रुग्णालयात रुग्णास नेणारे कुटुंब, आखाती देशात नोकरीस जाणारा कामगार, या सर्वांचा पहिला प्रश्न एकच असतो : विमानाने किती वेळ लागतो? तिकिटावर उत्तर छापलेले असते, ‘एक तास दहा मिनिटे’. त्या आकड्यावर विसंबून जो घरातून उशिरा निघतो, त्याचे विमान निघून जाते. आणि अनेक तिकिटांच्या बाबतीत भरलेल्या भाड्यापैकी फारच थोडी रक्कम परत मिळते. शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने ही हानी लहान नव्हे. यास्तव दोन विमानतळांमधील अंतर कसे मोजतात, उड्डाणाचा वेळ कशावर अवलंबून असतो आणि घरातून निघाल्यापासून मुक्कामी पोचेपर्यंतचा एकूण वेळ कसा काढावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

अंतर एक, मोजमापे तीन

कलबुर्गी ते बंगळूर हे अंतर किती, या प्रश्नास तीन उत्तरे आहेत आणि तिन्ही आपापल्या जागी खरी आहेत. रस्त्याने जाणाऱ्यास, मार्ग कोणता धरला त्याप्रमाणे, साडेपाचशे ते सहाशे किलोमीटर किंवा थोडे अधिक अंतर कापावे लागते. लोहमार्गाने ते सुमारे साडेपाचशे किलोमीटर भरते. विमानतळ ते विमानतळ हे हवाई अंतर मात्र सुमारे ४६० किलोमीटर आहे. रस्ता गावे जोडीत, नद्यांवरील पूल शोधीत आणि डोंगर टाळीत जातो. हवाई अंतर मोजताना यांपैकी कशाचाच विचार करावा लागत नाही.

पृथ्वी गोल असल्यामुळे तिच्या पृष्ठभागावर दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट ही काटेकोर अर्थाने सरळ रेषा नसते; ती एका मोठ्या वर्तुळाचा कंस असते. भूगोलात यास बृहद्वृत्त म्हणतात. भारतातील अंतरांच्या बाबतीत हा कंस व नकाशावरील सरळ रेषा यांत जाणवण्यासारखा भेद पडत नाही. परंतु भारतातून अमेरिकेस जाणारी विमाने नकाशावर उत्तरेकडे एवढी का वळतात, या शंकेचे उत्तर याच कंसात आहे. सपाट कागदावर जी वाट वाकडी दिसते, तीच पृथ्वीगोलावर सर्वांत जवळची असते. शाळेतील गोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरल्यास मुलांना हे तत्काळ पटेल.

हवाई अंतराचे गणित माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना सहज करता येण्याजोगे आहे. शिक्षकांच्या सोयीसाठी ते येथे देत आहोत. कलबुर्गी विमानतळ सुमारे १७ अंश १८ मिनिटे उत्तर अक्षांशावर व ७६ अंश ५७ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. बंगळूरचा केम्पेगौडा विमानतळ सुमारे १३ अंश १२ मिनिटे उत्तर अक्षांशावर व ७७ अंश ४२ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. अक्षांशांतील फरक ४ अंश ६ मिनिटे, म्हणजेच २४६ मिनिटे झाला. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. त्यानुसार दक्षिणोत्तर अंतर सुमारे ४५६ किलोमीटर येते. रेखांशांतील फरक ४५ मिनिटांचा आहे. विषुववृत्तापासून दूर जावे तसे रेखांश एकमेकांच्या जवळ येतात, म्हणून या संख्येस मधल्या अक्षांशाच्या, म्हणजे सुमारे १५ अंशांच्या कोज्येने (०.९६६) गुणावे लागते. त्यावरून पूर्व-पश्चिम अंतर सुमारे ८० किलोमीटर निघते. या दोन बाजू काटकोनात आहेत असे मानून पायथागोरसचा सिद्धांत लावला, की कर्ण सुमारे ४६३ किलोमीटर येतो. यंत्राने काढलेले अंतरही याच्या अगदी निकट असते. एवढ्या लहान अंतरासाठी ही रीत पुरेशी आहे. मात्र हजारो किलोमीटरच्या अंतरासाठी गोलीय त्रिकोणमितीचा आश्रय घ्यावा लागतो.

विमान सरळ रेषेत जाते काय?

गणिताने काढलेले अंतर हे किमान अंतर होय. प्रत्यक्षात विमान त्याहून काहीसे अधिक अंतर कापते. विमानांचे मार्ग आकाशात आखून दिलेले असतात आणि त्या मार्गांवरील ठराविक बिंदूंवरून, नियंत्रकाच्या अनुज्ञेनेच विमानास जावे लागते. संरक्षण खात्यासाठी राखलेला हवाई प्रदेश, वादळी ढग आणि इतर विमानांची वर्दळ यांमुळेही मार्गात बदल होतो.

याखेरीज धावपट्टीची दिशा हेही एक कारण आहे. विमान शक्यतो वाऱ्याच्या समोर तोंड करून उडते व उतरते. बंगळूर विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या पूर्व-पश्चिम आहेत. आपल्या भागातून जाणारे विमान तेथे उत्तरेकडून पोचते. त्यामुळे त्यास वळण घेऊन धावपट्टीच्या रेषेत यावे लागते आणि पुढे विमाने उतरत असल्यास आपल्या पाळीची प्रतीक्षाही करावी लागते. या वळणांत पाच-दहा मिनिटे सहज जातात.

उतरताना विमान साधारणतः तीन अंशांच्या उताराने खाली येते, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर उंची कमी होते. यावरून धावपट्टीच्या दोन्ही टोकांकडील मोकळ्या आकाशाचे महत्त्व ध्यानात येईल. सोलापूर विमानतळाच्या परिसरातील श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी हा याच कारणाने अनेक वर्षे वादाचा विषय झाला होता. सभासद शेतकऱ्यांचा विरोध असतानाही अखेर १५ जून २०२३ रोजी ती पाडण्यात आली. विमानतळाभोवती इमारती, मनोरे व चिमण्या यांच्या उंचीवर शासनाने निर्बंध का घातले आहेत, याचे हे आपल्या नजीकचे उदाहरण होय. अशा परिसरात बांधकाम करू इच्छिणाऱ्यांनी आधी परवानगी घेणे त्यांच्याच हिताचे ठरेल.

तिकिटावरील वेळेचा अर्थ

तिकिटावर छापलेला प्रवासकाळ हा निव्वळ आकाशातील काळ नसतो. विमान आपल्या जागेवरून हलते तेव्हापासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबते तोपर्यंतचा हा काळ असतो. त्यात धावपट्टीपर्यंत सावकाश जाणे, उड्डाण, आकाशातील प्रवास, उतरणे आणि उतरल्यावर इमारतीपर्यंत येणे, या सर्वांचा समावेश होतो.

आपल्या भागातील विमानतळांवर दोन प्रकारची लहान विमाने येत आली आहेत. एक पंख्यांवर चालणारे एटीआर-७२, ज्यात सुमारे सत्तर आसने असतात व ज्याचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर असतो. दुसरे पन्नास आसनांचे एम्ब्रेअर जेट, ज्याचा वेग ताशी सुमारे ८०० किलोमीटर असतो. ४६० किलोमीटरचे अंतर पूर्ण वेगाने कापता आले, तर पहिल्यास ५५ मिनिटे व दुसऱ्यास ३५ मिनिटे लागतील. परंतु वर चढताना व खाली येताना पूर्ण वेग गाठता येत नाही. अंतर कमी असले, की प्रवासाचा मोठा भाग चढण्या-उतरण्यातच जातो. म्हणून अशा मार्गावर तिकिटावरील काळ एक तास ते दीड तास असा दिसतो आणि जेट विमानाचा अधिक वेगही फार मोठी बचत करू शकत नाही.

वाऱ्याचाही परिणाम होतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर फार उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट वारे वेगाने वाहतात. पूर्वेस जाणाऱ्या विमानास त्यांचे साहाय्य होते, तर पश्चिमेस जाणाऱ्यास विरोध होतो. दिल्लीहून लंडनला जाण्यास जेवढा वेळ लागतो, त्याहून परतीच्या प्रवासास कमी लागतो, याचे हे एक कारण होय. अंतर तेच असूनही जाण्याचा व येण्याचा वेळ भिन्न असल्यास तिकिटात चूक झाली, असे समजण्याचे कारण नाही.

परदेशी जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. तिकिटावर सुटण्याची वेळ त्या गावच्या घड्याळाप्रमाणे व पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावच्या घड्याळाप्रमाणे दिलेली असते. दुबईचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या दीड तास मागे आहे. समजा, विमान मुंबईहून सकाळी १० वाजता सुटले व दुबईस ११ वाजून ४५ मिनिटांनी पोचले, तर प्रवास पावणेदोन तासांचा झाला असे वाटेल. प्रत्यक्षात तो सव्वातीन तासांचा असतो. तसेच मध्यरात्रीनंतरच्या उड्डाणाविषयी विशेष दक्षता घ्यावी. तिकिटावर १५ तारीख व वेळ ००.३० असेल, तर १४ तारखेच्या रात्रीच विमानतळावर हजर राहावे लागते. १५ तारखेच्या रात्री जाणाऱ्यास विमान एक दिवस आधीच गेल्याचे कळते.

उंबरठ्यापासून मुक्कामापर्यंत

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रवाशाच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो तो घरापासून मुक्कामापर्यंतचा वेळ. गाणगापूरहून बंगळूर शहरात विमानाने जावयाचे, असे धरू. कलबुर्गी विमानतळ शहराच्या पूर्वेस आहे आणि गाणगापूर शहराच्या नैर्ऋत्येस आहे. म्हणून शहर पार करून सुमारे ५५ ते ६० किलोमीटर जावे लागते. त्यासाठी दीड तास धरावा. चेक-इनची खिडकी उड्डाणापूर्वी साधारणतः ४५ ते ६० मिनिटे आधी बंद होते. म्हणून दीड तास आधी पोचणे श्रेयस्कर. उड्डाणाचा काळ सव्वा तास. उतरल्यावर सामान घेऊन बाहेर पडण्यास अर्धा तास. बंगळूरचा विमानतळ देवनहळ्ळीजवळ, शहराच्या मध्यापासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर असल्यामुळे पुढे आणखी सव्वा ते दीड तास. ही बेरीज सहा तासांच्या आसपास जाते. यांपैकी प्रवासी प्रत्यक्ष आकाशात असतो तो जेमतेम एक तास.

हाच प्रवास रेल्वेने केल्यास काय होईल? मार्च २०२४ मध्ये सुरू झालेली कलबुर्गी–बंगळूर वंदे भारत गाडी हे अंतर सुमारे पावणेनऊ तासांत कापते. गाणगापूरहून कलबुर्गी स्थानक गाठण्याचा वेळ मिळवून साडेदहा तास होतात. म्हणजे विमानामुळे चार-साडेचार तास वाचतात. रात्रीच्या गाडीने अधिक तास लागतात. परंतु ते झोपेत जातात आणि कामाचा दिवस मोडत नाही. तातडीच्या कामी चार तासांची बचत मोलाची असेल, तर विमान पत्करावे. ज्यास सवड आहे, त्यास रात्रीची गाडी सोयीची व स्वस्त पडते.

मुंबईच्या भाविकाचे गणित याहून निराळे आहे. मुंबई ते सोलापूर हवाई अंतर सुमारे ३६० किलोमीटर असून लोहमार्गाने ते ४५५ किलोमीटर आहे. विमानात तास-सव्वा तास लागत असला, तरी मुंबईत घरापासून विमानतळावर जाणे, तेथे दोन तास आधी पोचणे आणि सोलापूरहून शंभर किलोमीटरच्या आसपास रस्त्याने गाणगापूरला येणे, हे सर्व धरता सात तासांहून अधिक वेळ जातो. रात्री मुंबईत गाडीत बसलेला प्रवासी सकाळी याच परिसरात उतरतो. येथे विमानाचा लाभ फारच थोडा उरतो.

याउलट अंतर वाढते तसा लाभही वाढतो. कलबुर्गी ते दिल्लीजवळील हिंडन विमानतळ हे हवाई अंतर सुमारे १,२६० किलोमीटर आहे. रेल्वेने दिल्लीस जाण्यास एका अहोरात्रीहून अधिक काळ लागतो. तेथे विमानाने पुरता एक दिवस वाचतो. दोन्ही टोकांना जाणारे चार-पाच तास अंतर कितीही असले तरी जवळजवळ तेवढेच राहतात. म्हणून ते लहान प्रवासात भारी वाटतात व दीर्घ प्रवासात जाणवत नाहीत. विमानाने जावे की न जावे, याचा निर्णय करण्यास हे एक सूत्र पुरेसे आहे.

भाडे आणि सेवेचे सातत्य

लहान शहरे हवाई मार्गाने जोडण्यासाठी केंद्र शासनाने २०१६ मध्ये ‘उडान’ योजना जाहीर केली. २७ एप्रिल २०१७ रोजी तिच्यातील पहिल्या उड्डाणांना प्रारंभ झाला. त्या दिवशीच्या मार्गांत नांदेड–हैदराबाद हा मराठवाड्यातील मार्गही होता. या योजनेत विमानातील ठराविक आसनांचे कमाल भाडे अंतराच्या टप्प्यांवर बेतलेले असते. आरंभी सुमारे एक तासाच्या किंवा पाचशे किलोमीटरच्या प्रवासास ही मर्यादा २,५०० रुपये होती. यावरून दोन विमानतळांमधील अंतराचा प्रवाशाच्या खिशाशी असलेला संबंध स्पष्ट होईल. उरलेल्या आसनांचे भाडे मात्र मागणीप्रमाणे कमी-अधिक होते. त्यामुळे लवकर तिकीट काढणाऱ्याचा लाभ होतो.

कंपनीचा तोटा भरून काढण्यासाठी शासन जे साहाय्य देते, ते एका मार्गास साधारणतः तीन वर्षांपुरते असते. त्या मुदतीत पुरेसे प्रवासी मिळाले नाहीत, तर मार्ग चालू ठेवणे कंपनीस परवडत नाही. बिदरची सेवा २०२० मध्ये सुरू झाल्यानंतर मध्यंतरी खंडित झाली होती. २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. कलबुर्गी–हिंडन ही २०२० मध्ये सुरू झालेली सेवाही अखंड राहिली नाही. विमानतळ तेथेच असतो, हवाई अंतरही बदलत नाही. पण विमान येईलच असे गृहीत धरता येत नाही. म्हणून कोणत्याही प्रवासाचा बेत आखताना त्या मार्गावर त्या दिवशी उड्डाण आहे काय, हे प्रथम पाहावे. काही मार्गांवर आठवड्यातून ठराविक दिवशीच विमान असते.

प्रवाशांनी ध्यानात ठेवावे

गावाच्या नावाबाबत गफलत होऊ देऊ नये. भ्रमणध्वनीवर अंतर शोधताना ‘गंगापूर’ असे लिहिल्यास छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गंगापूर किंवा नाशिकजवळील गंगापूर धरण समोर येण्याचा संभव असतो आणि अंतर शेकडो किलोमीटरने चुकते. ‘देवल गाणगापूर’ असे पूर्ण नाव द्यावे. तसेच गाणगापूर रोड हे रेल्वे स्थानक क्षेत्रापासून वीस किलोमीटरहून अधिक दूर आहे. स्थानकापर्यंतचा वेळ म्हणजे मंदिरापर्यंतचा वेळ नव्हे.

छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे व तिकिटावरील नाव त्याच्याशी जुळते याची खात्री करावी. सामानाचे वजन घरीच पाहावे. दोन वेगळी तिकिटे काढून एका विमानातून दुसऱ्यात बसावयाचे असल्यास मध्ये पुरेसा अवधी ठेवावा. पहिले विमान उशिरा आले, तर दुसऱ्या कंपनीवर आपल्यासाठी थांबण्याचे बंधन नसते. गंभीर रुग्णास नेताना कंपनीस आधी कळवावे व डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत घ्यावे. पौर्णिमेस व दत्तजयंतीच्या काळात गाणगापूरच्या रस्त्यांवर मोठी गर्दी असते; त्या दिवशी विमान गाठावयाचे असल्यास किमान एक तास अधिक हाती ठेवावा.

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात अथवा शाळेच्या फलकावर आपल्या गावापासून कलबुर्गी, बिदर, सोलापूर व हैदराबाद या विमानतळांपर्यंतचे रस्त्याचे अंतर आणि लागणारा वेळ लिहून ठेवल्यास गावकऱ्यांची मोठी सोय होईल. हे काम वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांकडून करवून घेता येईल. हवाई अंतर त्यांनी नकाशावरून काढावे; रस्त्यास लागणारा वेळ मात्र त्या मार्गाने नित्य जाणाऱ्या बसचालकास व गावातील अनुभवी माणसांस विचारूनच लिहावा.